सी भाषेची प्रमाण लायब्ररी आणि मराठीचा वर्णक्रम

सी भाषेचे प्रमाण अमेरिकेत १९८९ मध्ये व आंतरराष्ट्रीय स्वरूपात १९९० मध्ये सिद्ध झाले. प्रमाणानुसार लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर सारखीच चालते, असा समज तेव्हापासून रूढ आहे. तो निराधार नाही. परंतु आज्ञावलीला मराठी शब्दांशी व्यवहार करावयाचा असेल, तर तो अपुरा ठरतो. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात या शतकाच्या आरंभी ‘इंडिक्स’ प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय लिप्या उमटविण्याचे काम झाले. मात्र अक्षर पडद्यावर उमटणे निराळे आणि त्याचे वर्णमालेतील स्थान आज्ञावलीस कळणे निराळे. हा दुसरा भार सीच्या प्रमाण लायब्ररीवर पडतो, आणि ती लायब्ररी एक नाही.

‘काव’, ‘काही’, ‘काळ’ हे तीन शब्द घ्यावेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून हाच त्यांचा क्रम होय. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’ला ‘ल’च्या लगेच पुढचा क्रमांक मिळाला आहे. ‘स्ट्रकंप’ हे फलन केवळ बाइट ताडून पाहते. सबब त्याच्या लेखी ‘काळ’ पहिला. यावर पाठ्यपुस्तके ‘स्ट्रकोल’ सुचवितात. परंतु जीलिबसी या लायब्ररीत ते स्थापित केलेल्या भाषानियमांचा आधार घेते, तर मसल या लायब्ररीच्या १.२ मालिकेत ते बाइटच ताडते. येथे मसलला दोष देता येत नाही, कारण प्रमाणाने ‘सी’ व रिक्त नाव यांपलीकडे कोणत्याही भाषानियमाची सक्ती केलेलीच नाही. पाठ्यपुस्तकांचा उपदेश प्रमाणाने न दिलेल्या वचनावर उभा आहे.

याचा परिणाम केवळ यादीच्या शोभेपुरता नाही. एका यंत्रावर एका क्रमाने लावलेली शब्दसूची दुसऱ्या यंत्रावर ‘बीसर्च’ने निराळ्या क्रमाने धुंडाळली, तर असलेला शब्द नाही असे उत्तर येते, प्रमादाची सूचनाही मिळत नाही. लायब्ररी बदलावी लागते असेही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमनियम बदलले आणि त्यांवर विसंबलेल्या पोस्टग्रेस-माहितीसाठ्यांच्या सूच्या नव्याने बांधाव्या लागल्या.

चुकीची आज्ञावली कधी कधी चालतेही, आणि ते अधिक घातक. देवनागरीचे यूटीएफ-८मधील सर्व बाइट १२७पेक्षा मोठे असतात. ज्या यंत्रावर ‘चार’ हा प्रकार चिन्हयुक्त आहे तेथे ते ऋण ठरतात. असा बाइट ‘इझअल्फा’स थेट देणे प्रमाणबाह्य होय. जीलिबसीची कोष्टके ऋण बाजूसही वाढविलेली असल्याने तेथे काहीच बिघडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या दोषशोधन-लायब्ररीत आज्ञावली तेथेच अडविली जाते. पहिल्या यंत्रावरील यशाला पुरावा मानणाऱ्याची फसगत अटळ आहे. मोडी लिपीचे उदाहरण तर अधिकच बोलके. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत तिला स्थान मिळाले, पण पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडे. विंडोजवर ‘डब्ल्यूचार’ १६ बिटांचा असल्याने मोडीचे एक अक्षर तेथे दोन मोजले जाते. लिनक्सवर तो ३२ बिटांचा, म्हणून एकच.

मग क्रम कोणी ठरवावा? भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे थोडे हसू आल्यावाचून राहणार नाही, कारण कोशकारांतही एकवाक्यता नाही. आपट्यांच्या १८९०च्या संस्कृत-इंग्रजी कोशात ‘क्ष’ हा ‘क’मध्येच येतो, शाळेतील वर्णमाला त्याला ‘ळ’च्याही पुढे नेते. दोन्ही पद्धतींना आधार आहे. हा निर्णय आज्ञावलीकाराने स्वतः घ्यावयास हवा. तो लायब्ररीवर सोपविणे म्हणजे निर्णय टाळणे होय. वर्णांच्या भारांकांचे कोष्टक आज्ञावलीतच ठेवावे, आणि सूची ज्या क्रमाने लावली त्याचे नाव व आवृत्ती सूचीच्या शिरोभागी नोंदवावी. ‘स्ट्रकोल’चा उपयोग वापरणाऱ्यास त्याच्याच यंत्रावर यादी दाखविण्यापुरता उरतो, जतन करावयाच्या सूचीसाठी नव्हे.