लावणीतली ‘मी’ कोणाची?

पुणे-नाशिक महामार्गावरून जाणाऱ्यांना हिवरगाव पावसा हे नाव टोलनाक्यामुळे माहीत असते. संगमनेर तालुक्यातले हे गाव पवळा हिवरगावकरणीचे. तमाशाच्या फडात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. तरीही तिच्यावरचे लेखन वाचताना मला दर वेळी जाणवते, की ते खरे तर पठ्ठे बापूरावांवरचे लेखन आहे.

गोष्ट ठरलेली असते. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घर, वतन आणि जात सोडून फडात आले आणि महार समाजातल्या पवळेबरोबर राहिले. त्याग त्यांचा, प्रेमही त्यांचे. तिच्या वाट्याला फक्त रूप. १९५० साली चित्रपट आला, त्याचेही नाव ‘पठ्ठे बापूराव’.

मला इथे एक व्याकरणाचा प्रश्न पडतो. पारंपरिक लावणीत बोलणारी ‘मी’ बहुधा स्त्री असते. लिहिणारा शाहीर मात्र पुरुष. पवळेच्या आधी ती ‘मी’ फडात वठवणारा नाच्याही पुरुषच. म्हणजे बाईची लाज, रुसवा, विरह हे सारे पुरुषांनीच आपसात ठरवलेले. पवळा उभी राहिली आणि त्या ‘मी’ला बाईचा गळा मिळाला. शब्द बापूरावांचे राहिले. पण कोणत्या शब्दावर थांबायचे, नजर कुठे वळवायची, हे अदा करणारीच ठरवते. तिचे हे कर्तृत्व आपण ‘सौंदर्य’ या एका शब्दात गुंडाळून टाकले.

अर्थात नुसता गौरवही पुरेसा नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारले, अशी आठवण सांगितली जाते. दलित स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. मूळच्या याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या अशाच पेचांचा अभ्यास केला आहे. नुसती कला गौरवली तर जातीचा जाच झाकला जातो. नुसता जाच सांगितला तर कलावंत हरवते. पवळेवर लिहिताना दोन्ही धरून ठेवावे लागते.

पुढे संगमनेरलाच कांताबाई सातारकरांनी तुकाराम खेडकरांच्या निधनानंतर स्वतःचा फड उभारला. २००५ साली राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्याविषयी लिहिताना फडाची मालकीण म्हणून लिहावेच लागते. पवळा मात्र अजून ‘बापूरावांची पवळा’च आहे. तिच्यावर पुढे लिहिणाऱ्याने निदान वाक्याचा कर्ता तरी बदलावा.