दुसरी बंदूक

बंदूक मी आयुष्यात एकाच ठिकाणी हाताळली आहे, ती म्हणजे जत्रेत. रामनवमीला पोहरादेवीला गेलो होतो. गर्दीतून वाट काढीत, नंगाऱ्याच्या आकाराची ती नवी वास्तू लांबून पाहून आम्ही उभयता एका फुगेवाल्यापाशी येऊन थबकलो. पहिल्या पाच छऱ्यांत एकही फुगा फुटला नाही. फुगेवाला सज्जन होता. तो म्हणाला, "साहेब, ते बंदूक जराशी डावीकडं मारते. हे दुसरी घ्या." दुसरी बंदूक उजवीकडे मारणारी निघाली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात शिकारकथांतल्या दुसऱ्या बंदुकीचा विचार घोळतो आहे. शिकारकथा मी लहानपणापासून वाचतो. आमच्या घरच्यांच्या मते माझे ते वय केव्हाच उलटून गेले आहे. पण ज्याला घरातले झुरळ मारवत नाही, त्यानेच वाघाच्या गोष्टी वाचाव्यात, अशी माझी समजूत आहे.

मराठीत असोत वा इंग्रजीत, सामान्य शिकारकथांचा साचा एकच. चांदणी रात्र, मचाण, थर्मासमधला चहा आणि एक गोळी. वाघ नऊ फुटांच्या खाली कधी नसतोच. मला वाटते, आखूड वाघांना छापखान्यात प्रवेश नसावा. आणि शिकारी एकटा. पण बारकाईने वाचा. चौथ्या पानावर "मी हात मागे केला आणि दुसरी बंदूक घेतली" असे एक वाक्य हळूच येऊन जाते. अहो, हात मागे केला म्हणजे मागे कोणीतरी असणारच! बंदूक काही फांदीला लागत नाही. तो मागचा माणूस पाचव्या पानावर झाडावर चढतो, सहाव्यावर वाघ उचलायला उतरतो, आणि फोटोत दिसतो तो फक्त त्याचा हात, वाघाचे शेपूट धरलेला. या वाङ्मयाविरुद्ध माझी मुख्य तक्रार हीच आहे.

शिकारीला दुसरी बंदूक न्यावी की नाही, यावर जाणत्यांत दोन पक्ष आहेत. न्यावी म्हणणारे सांगतात : काडतूस दगा देते, चाप अडकतो, आणि जखमी जनावर झुडपात सोडून घरी जाणे हे पाप तर आहेच, शिवाय दुसऱ्या दिवशी त्या वाटेने लाकडे आणायला जाणाऱ्या बाईच्या जिवाशी खेळ आहे. नको म्हणणारे सांगतात : ओझे होते, आणि पाठीशी दुसरी आहे म्हटले की पहिलीचा नेम ढिला पडतो. मला दोन्ही पटते. मी चष्मे दोन बाळगतो, आणि तेव्हापासून दोन्ही हरवतात.

या खटल्यात साक्षीला बोलवावा तो जिम कॉर्बेटलाच. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे तो निघाला तेव्हा त्याच्यापाशी काडतुसे होती अवघी तीन. दोन पुरतील, तिसरे अडीअडचणीला, असा हिशेब. तिन्ही संपली आणि वाघीण समोर उभीच. मग धावत जाऊन त्याने तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली. तिची नळी आणि मागचा भाग यांत चांगली फट! नेम धरला उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. वाघीण पडली ती आधीच्या जखमांनी. चारशे छत्तीस बळी तिच्या नावावर होते. गंमत अशी, की हे सगळे आपल्याला कळते ते कॉर्बेटने स्वतःच लिहून ठेवले म्हणून. काडतुसांचा हिशेब चुकला, उसनी बंदूक मोडकी होती, नेम हुकला, हे तो लपवीत नाही. तहसीलदार त्याच्या गोष्टीतून गळत नाही. कॉर्बेट मोठा लेखक का, याचे उत्तर मला तरी इथेच सापडते. बाकीच्यांनी फक्त वाघ मारले.

आता १९७२ च्या कायद्यानंतर शौकाची शिकार संपली. शस्त्रांच्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन परवान्यावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे दुसऱ्या बंदुकीला सरकारची मान्यता आहे, शिकारीला नाही!

पण प्रश्न संपलेला नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली ती 'अवनी' आठवा. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका असलेली, दोन बछड्यांची आई. हुकूम असा होता, की आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न करावा, तो फसलाच तर गोळी. म्हणजे भुलीची बंदूक पहिली, खरी बंदूक दुसरी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री वाघीण गोळीने मेली, आणि पहिली आधी सुटली की दुसरी, यावर पुढे चौकश्या आणि वाद झाले. बंदुका दोन असल्या की त्यांचा क्रमही सांभाळावा लागतो. तिथे जीव गेलेल्या माणसांच्या घरी आणि त्या बछड्यांच्या बाबतीत ही गोष्ट शिकारकथेसारखी सहा पानांत संपली नाही.

हे सगळे ज्ञान मी जत्रेतच एका म्हाताऱ्या शेतकरीकाकांना ऐकवले. चहाच्या टपरीवर शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे बशी रिकामी केली.

"दुसरी बंदूक? पयली कुठं हाय भाऊ?" ते म्हणाले. "रोही येते, डुकरं येतात. रोह्याले आपण हाड हाड म्हनाचं, अन् त्यानं आपल्याकडं पाहत पाहत हरभरा खायाचा. जाग्लीले माह्यापाशी एक बॅटरी अन् एक डबा."

"मग रात्री एकटेच असता?"

"एकटा कायले? म्हातारी असते ना संगं. मी बॅटरी धरतो, ते डबा वाजवते. मले डुलकी लागली त थेच हलवते."

मला एकदम शिकारकथेतला तो मागचा हात आठवला. दुसरी बंदूक न्यावी की नाही, हा वाद शिकाऱ्यांनी घालावा. दुसरे माणूस मात्र हवेच, आणि गोष्ट सांगताना त्याचे नाव घ्यावे. टीकाकार म्हणून एवढाच नियम मी या वाङ्मयाला घालून देईन.

घरी आल्यावर शेजारी जमले. मी जत्रेचे वर्णन रंगात येऊन केले. फुगेवाला, डावीकडे मारणारी बंदूक, उजवीकडे मारणारी बंदूक, आणि शेवटच्या छऱ्याला फटकन् फुटलेला तो लाल फुगा. "वा!" शेजारी म्हणाले.

स्वयंपाकघरातून भांडे जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. तेव्हा नियमाप्रमाणे नोंद करतो : तो फुगा सौभाग्यवतीने फोडला. मी मागे उभा राहून पिशवी धरली होती.