गाथासप्तशतींतील पथिक

गाथासप्तशतीविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत एक गृहीत गोष्ट वारंवार आढळते : हा ग्रंथ म्हणजे खेड्यांतील जीवनाचें चित्र. नांगऱ्या आणि त्याची सून, गांवचा पाटील, कापसाचें शेत, गोदेचा कांठ एवढ्या सामग्रीवर हें मत उभें आहे. आणि तें खोटें नाहीं, अपुरें आहे. सातवाहनांचा व्यापार इतिहासाच्या पुस्तकांत आणि गाथा वाङ्मयाच्या पुस्तकांत, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. त्यामुळें या संग्रहांत पदोपदीं भेटणारा जो पथिक, तो कोणत्या वाटेनें आणि कशासाठीं चालला आहे, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. त्याला आपण शृंगाररसाचें एक उपकरण समजतों. मागें राहिलेली विरहिणी रंगविण्यासाठीं कोणीतरी गेलेला असावा लागतो, म्हणून तो गेला, एवढीच त्याची कैफियत!

त्याच्या वाटेची माहिती गाथेंत नाहीं. ती एका परक्या पुस्तकांत आहे. इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वही लिहून ठेविली. 'पेरिप्लस' या नांवानें ती प्रसिद्ध आहे. ग्रंथकाराचें नांव कोणास ठाऊक नाहीं, आणि वाङ्मयगुणांचा आव त्यानें आणलेला नाहीं. कोठें उथळ पाणी आहे, कोणता माल खपतो, कोणता राजा त्रास देतो, एवढेंच तो सांगतो. त्याच्या लेखीं भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर. हें तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, असें फ्लीट यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें व तें आतां सर्वमान्य आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून भडोचेस येई. उलट दिशेनें इटलीची दारू, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, कांच आणि सोन्याचांदीचीं नाणीं येत. राजासाठीं रुप्याचीं मौल्यवान भांडीं, गाणारीं मुलें आणि जनानखान्यासाठीं सुंदर मुली येत. माणसें आणि भांडीं एकाच यादींत, एकाच स्वरांत मोजणारा हा लेखक क्रूर नव्हे. तो हिशेबनीस आहे. तेवढाच त्याचा विश्वास धरावा.

आतां या गाड्या हांकीत कोण होतें? तगरहून निघालेला गडी भडोचेस महिन्यानें पोंचणार, माल उतरणार, दुसरा भरणार आणि पुन्हा महिन्यानें घरीं येणार. वाटेंत तापी आणि नर्मदा. गाथेंत गोदावरी येते, तापी येते, रेवा येते, विंध्य येतो. पैठणहून भडोचेस जाणाऱ्याला ज्या नद्या आडव्या येतात त्याच या नद्या. सगळे पथिक व्यापारीच होते, असें माझें म्हणणें नाहीं. शिपाई, विद्यार्थी, यात्रेकरू, पोटासाठीं हिंडणारे, सर्वच त्यांत असतील. परंतु ज्या देशांत वाटेवर माणसांची एवढी वर्दळ आहे, त्या देशांतील घराघरांत वाट पाहणें हा व्यवसाय होऊन बसतो, आणि काव्य तेथूनच निघतें.

एक प्रसिद्ध गाथा घ्या. पाणपोईवरची तरुणी पाणी घालते आहे. पथिक तिच्या मुखाकडे पाहत ओंजळीचीं बोटें मुद्दाम विरळ करतो, आणि तिचें कौशल्य असें कीं, तीहि धार बारीक बारीक करीत जाते. टीकाकार येथें अनुभावांची चर्चा करतात. मला विचारावेंसें वाटतें : ही पाणपोई कोणीं घातली? याचें एक उत्तर नाशिकच्या लेण्यांत कोरलेलें आहे. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात, वंशानें शक, म्हणजे आपल्या दृष्टीनें परकीय, आपल्या दानांची यादी देतांना सांगतो कीं, भडोच, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथें त्यानें धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, पारडा इत्यादि नद्यांवर फुकट तरी ठेविल्या. आणि त्या नद्यांच्या दोहों तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे विसाव्याच्या जागा आणि पाणपोया, केल्या. शिलालेखांतील प्रपा आणि गाथेंतील प्रपा यांचा काळ तंतोतंत जुळतो कीं नाहीं, याचा वाद घालीत बसण्याचें कारण नाहीं. त्या एकाच संस्थेच्या दोन बाजू आहेत. शकानें पुण्यासाठीं घातलेल्या पाण्यावर महाराष्ट्री कवीनें आपली नायिका उभी केली. संस्कृतींची देवघेव म्हणतात ती अशी, न सांगतां घडते.

पण याहून महत्त्वाची जुळणी ऋतूंची आहे, आणि ती कोणीं दाखविल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. पेरिप्लसकार सांगतो कीं, हिंदुस्थानाकडे येणारीं गलबतें मिसरहून जुलै महिन्यांत निघतात. तांबडा समुद्र ओलांडून, नैर्ऋत्येचा वारा पाठीशीं घेऊन तीं भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास आपल्या किनाऱ्यास लागत. आणि मार्गशीर्ष-पौषांत ईशान्येचा वारा धरून परत फिरत. म्हणजे तगरचें कापड भडोचेस पोंचावयाचें तें पाऊस सरून वाटा वाळल्यानंतर आणि गलबतें सुटण्यापूर्वीं. आतां गाथेंतील पंचांग पाहा. पथिकानें मेघ दिसण्यापूर्वीं घरीं पोंचावयाचें, हा तेथला अलिखित करार आहे. आकाशांत ढग आला आणि तो आला नाहीं, कीं घरांत प्राणांतिक प्रसंग. ज्या वाऱ्यानें मिसरचें गलबत शीड उभारतें, तोच वारा पथिकाच्या अंगणांत विरहाची मुदत संपल्याचा निरोप आणतो. एकाच वाऱ्याला तिकडे निघणें आणि इकडे परतणें. आपल्या काव्यशास्त्रानें वर्षाकालीन विरह हा संकेत म्हणून नोंदवून ठेविला. परंतु संकेत आकाशांतून पडत नाहींत. हा संकेत बैलगाडीच्या चाकानें, चिखलानें आणि मोसमी वाऱ्यानें घडविला आहे. गाथांचा संग्रह शतकानुशतकें वाढत गेला, वेबर यांनीं ताडून पाहिलेल्या पाठांत सुमारें ४३० गाथाच समान निघाल्या, हा आक्षेप येथें लागू पडत नाहीं. कारण राजवंश बदलले, तरी वारा बदलला नाहीं.

कालनिर्णयाच्या वादांत एक गंमत दडली आहे. देवदत्त भांडारकर यांनीं हा ग्रंथ बराच उत्तरकालीन ठरविला, त्याचें एक कारण असें कीं, त्यांत 'होरा' हा शब्द आणि मंगळवाराचा उल्लेख येतो. ही साक्ष आपण केवळ कालगणनेसाठीं वापरली आणि तिच्यांतलें मर्म हातचें घालविलें. होरा हा ग्रीक शब्द. शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असे ग्रह दूरपासून जवळ मांडून दिवसाच्या चोवीस होरा त्यांना क्रमानें वांटल्या, कीं दुसऱ्या दिवशींची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. शनिवारानंतर रविवार आणि त्यानंतर सोमवार येतो तो या हिशेबानें. हा हिशेब पश्चिमेकडचा आहे. आपल्याकडे वार दिलेला सर्वांत जुना सुनिश्चित लेख म्हणजे बुधगुप्ताचा एरणचा, इ. स. ४८४ चा. आणि इकडे गाथेंतली खेडवळ बाई मंगळवाराचा विचार करते आहे! हें ज्ञान परदेशांतून आलें आहे, याची तिला गंधवार्ता नाहीं. आज गांवोगांव भरणारा आठवड्याचा बाजारहि त्याच हिशेबावर भरतो, आणि तेथें भाजी घेणारास तरी ती कोठें असते?

वस्तूंचें याच्या उलट होतें. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडांत गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत इतर धातूच्या वस्तूंबरोबर पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी कांस्यमूर्ति सांपडली. सागरापासून घाट चढून आलेल्या या सागरदेवाला पंचगंगेच्या कांठीं कोणीं पुजलें असेल, असें वाटत नाहीं. शोभेची वस्तु म्हणून तो कोणा श्रीमंताच्या घरीं उभा असावा. तिकडे १९३८ सालीं पॉम्पेई येथें, इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या घरांत, हस्तिदंताची एक हिंदी स्त्रीमूर्ति मिळाली. तिच्या जातीचीच मूर्ति तेर येथें आणि भोकरदन येथेंहि मिळाली आहे. ही मूर्ति लक्ष्मी कीं यक्षी, याचा खल आपण करतों. पॉम्पेईच्या घरधन्याला त्यांतलें कांहींच माहीत असण्याचें कारण नव्हतें. वस्तु दूर जाते तेव्हां तिचा अर्थ जकातनाक्यावरच राहतो. वार, होरा, पाणपोई यांचें नांवगांव पुसलें जातें, पण अर्थ टिकतो. म्हणून 'ग्रीक प्रभाव' शोधणारे पंडित मूर्तींवर हुरळतात, आणि त्या प्रभावाचा इन्कार करणारे देशाभिमानी मूर्ति थोड्या म्हणून निश्चिंत होतात. दोघेहि चुकीच्या जागीं पाहत आहेत.

या शोधाचा मोह मला कळतो. आमचें जत मराठी-कानडीच्या शिवेवर. मिसरच्या वाळवंटांत मिळालेल्या एका ग्रीक प्रहसनांत समुद्रकांठच्या परकीय राजाच्या तोंडीं जी अगम्य भाषा आहे, ती कानडी असावी, अशी सूचना हुल्ट्श यांनीं १९०४ च्या सुमारास केली आणि म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं ती उचलून धरली, हें वाचून येथील कोणाहि कानडी गृहस्थाची छाती फुगेल. बार्नेट यांना तें पटलें नाहीं. खरें असलें, तरी त्या प्रहसनांत ती भाषा कशासाठीं आहे? प्रेक्षकांनीं हंसावें म्हणून. परक्याची बोली तिकडे विदूषकाच्या कामीं आली. गाथेनें परक्याचें नांवहि घेतलें नाहीं, मात्र त्याच्या वाऱ्यावर, वारावर आणि पाण्यावर सातशें गाथा उभ्या केल्या. पेरिप्लसमध्यें घरीं राहिलेली स्त्री नाहीं, गाथेंत गलबत नाहीं. दोन्ही पुस्तकें एका टेबलावर ठेवून वाचल्यावांचून दोहोंतलें एकहि पुरें वाचल्यासारखें होत नाहीं, असें मीं विद्यार्थ्यांना सांगत आलों आहें.

तरीहि पथिक म्हणजे कोण, हें त्यांना समजावून द्यावें लागत नाहीं. दिवाळीच्या आसपास आमच्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मृगापूर्वीं परततात; गाथेचेंच पंचांग. फरक एवढाच कीं, कारखान्याची उचल 'कोयत्या'वर मिळते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बायको मागें राहत नाहीं. दारांत बसून ढगांकडे पाहणारी जी राहते, ती सासू असते, आणि तिच्याजवळ शाळेंत जाणारें एखादें मूल.