मारेकरी पेशी : एक शब्दविचार

अंबरनाथ पूर्वेला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांसाठी ते सकाळच्या लोकलने दादरला उतरून परळला जात. एकदा वर्तमानपत्रात कुणाच्या तरी निधनाची बातमी होती; 'कर्करोगाशी झुंज अपयशी' असा मथळा. पेपराची घडी घालीत गुरुजी म्हणाले, "म्हणजे बिचारा नीट लढला नाही म्हणायचे."

कवितेतली एखादी प्रतिमा फसली की आम्ही टीकाकार पानेच्या पाने लिहितो. शरीराविषयीच्या लेखनातल्या प्रतिमा मात्र कुणी तपासत नाही, आणि त्या तर आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसतात.

आमच्या आरोग्यपुरवण्या उघडाव्यात. देह हा किल्ला, जंतू हा गनीम, पांढऱ्या पेशी म्हणजे मावळे आणि त्यांतल्या काही 'मारेकरी'. मराठी माणसाला किल्ल्यावाचून काही सुचत नाही, हे एक वेळ समजू शकते. परंतु 'मारेकरी' हा शब्द 'किलर'चे ओझे जसेच्या तसे उचलून आणतो, वर सुपारी घेतल्याचा वासही त्याला आहे.

ह्या युद्धभाषेला आधार मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूने सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नष्ट केल्या. त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड १९४२ साली येल येथे कर्करोगाच्या रुग्णाला प्रथम देण्यात आले. औषधच रणांगणावरून आले, मग भाषा मागे कशी राहील? सुसान साँटॅग ह्या अमेरिकन लेखिकेने १९७८ मध्ये ह्या रूपकावर पुस्तकभर हल्ला चढविला. तिचा रोख रुग्णावर होणाऱ्या अन्यायावर होता. माझी तक्रार त्याहून साधी आहे : ह्या शब्दाने पेशीचे वर्णनही चुकते.

पेशीला मरण येते ते एकाच रीतीने नव्हे. तीव्र आम्ल किंवा जळजळीत रसायन तिच्यावर पडले, तर तिचे आवरण फाटते, आतला ऐवज बाहेर सांडतो, शेजारच्या पेशींना त्याची झळ लागते आणि तो भाग सुजतो. कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडलेली वालधुनी ज्यांनी १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहताना पाहिली आहे, त्यांना असले मरण समजावून सांगावे लागत नाही. इथे 'मारणे' हे क्रियापद चोख बसते.

टी पेशीचे काम निराळे आहे. ती संशयित पेशीला चिकटते, तिच्या अंगावरची खूण पारखते. खूण पटली तर पर्फोरिन नावाचे प्रथिन सोडून आवरणात छिद्रे पाडते आणि ग्रँझाइम आत पोहोचविते. पुढचे काम त्या पेशीतलीच यंत्रणा करते. ती आपलेच सूत्र तुकडे तुकडे करते, आक्रसते, लहान लहान पुड्या बनते आणि भक्षक पेशी त्या गिळून टाकतात. टी पेशी तोवर दुसरीकडे निघून गेलेली असते. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी ह्यांनी अशा मरणाला ग्रीक शब्द दिला तो पाने गळून पडण्यावरून. मराठीला 'पानगळ' आयती होती, कुणी घेतली नाही.

मराठी व्याकरण इथे मदतीला येते. 'मारणे' वेगळे आणि 'मरायला लावणे' वेगळे. रसायन मारते, टी पेशी मरायला लावते. एवढा भेद शाळकरी मुलालाही कळेल, आणि तो कळला की सबंध क्रिया कळते.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आय.आय.टी.त आणि टाटा स्मारक रुग्णालयात घडलेल्या 'नेक्सकार१९' ह्या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा गुरुजींनीच कात्रण आणून दिले. रुग्णाच्याच टी पेशी काढून घ्यायच्या, त्यांत नवे जनुक घालून सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवायचे आणि परत सोडायच्या. ही खूण निरोगी बी पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. कधी टी पेशींच्या ह्या खटाटोपात रक्तात संदेशद्रव्यांचा असा लोंढा उठतो की ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. तिथे 'पानगळ' फार गोड पडते, हे कबूल केले पाहिजे.

कात्रणातल्या 'प्रशिक्षित सैनिक' ह्या शब्दांखाली गुरुजींनी पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते : 'विद्यार्थी?' शिक्षकाला दुसरे काय सुचणार! मी त्यांना सांगितले की टी पेशींची पहिली शाळा छातीतल्या थायमस ग्रंथीत भरते. तिथे जिला नीट ओळख पटत नाही किंवा जी स्वकीयांवरच उठते, तिला मरायला लावतात. आणि नापास होणाऱ्यांचीच संख्या फार मोठी असते.

"मग नको," ते म्हणाले, आणि रबर मागितले.