सौम्य पक्षाघातानंतरचा थकवा आणि व्यायाम : मे सार्टन यांच्या दैनंदिनीचे एक वाचन

पक्षाघातातून सावरलेल्यांची आत्मकथने हा इंग्रजी साहित्यात आता स्थिरावलेला प्रकार आहे. रॉबर्ट मॅक्रम यांचे ‘माय इयर ऑफ’ (१९९८) आणि जिल बोल्ट टेलर यांचे ‘माय स्ट्रोक ऑफ इनसाइट’ (२००८) ही त्यातील बहुपरिचित उदाहरणे होत. दोघांचाही आघात गंभीर होता आणि दोन्ही पुस्तकांची घडण त्या गांभीर्यावर उभी आहे : आधी कोसळणे, मग झगडणे, शेवटी हरवलेले परत मिळवणे. परंतु ज्या आघातात बाहेरून काही कोसळलेच नाही, त्याचे कथन कसे करावयाचे? हात हलतो, वाचा शाबूत आहे, डॉक्टर ‘थोडक्यात निभावले’ म्हणतात, आणि तरीही माणूस पूर्वीचा राहिलेला नसतो. या अनुभवाला नाट्य नाही. म्हणून बहुधा वाङ्मयही नाही. अमेरिकन कवयित्री व कादंबरीकार मे सार्टन (१९१२–१९९५) यांची ‘आफ्टर द स्ट्रोक’ (१९८८) ही दैनंदिनी या बाबतीत अपवादात्मक ठरते.

सार्टन यांना १९८६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ७३ व्या वर्षी, सौम्य पक्षाघात झाला. मेन राज्यातील यॉर्क येथे समुद्राजवळच्या घरात त्या एकट्या राहत असत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पुढील फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी या पुस्तकात आहेत. ‘जर्नल ऑफ अ सॉलिट्यूड’ (१९७३) या त्यांच्या गाजलेल्या दैनंदिनीशी परिचित असलेल्या वाचकाला पहिली पानेच धक्का देतात. तेथे एकांत हा निवडलेला होता. येथे तो शक्तीच्या अभावाने लादलेला आहे. शारीरिक दुर्बलतेपेक्षाही मानसिक शक्ती आटल्याची तक्रार त्या अधिक करतात. कविता येत नाही, पत्रांची उत्तरे साचत जातात, आणि घरातले साधे काम हे दिवसाचे काम होऊन बसते.

येथे भाषेचा एक मुद्दा नोंदविला पाहिजे. मराठीत आपण ‘पक्षाघात’, ‘अर्धांगवायू’, ‘लकवा’ असे शब्द वापरतो. त्या सर्वांत अंग लुळे पडणे गृहीत आहे. अंग लुळे पडले नाही, तर आजार झालाच नाही, असा अर्थ भाषा स्वतःच सुचवते. वैद्यकाची मापेही याहून फार वेगळी नाहीत. आघाताची तीव्रता ठरविण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, ० ते ४२ गुणांच्या अमेरिकन मापनश्रेणीत शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, संवेदना, वाचा यांची तपासणी होते. साधारणतः ३ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की आघात ‘सौम्य’ ठरतो. थकव्याला तेथे एकही गुण नाही. म्हणजे ‘सौम्य’ हे विशेषण ज्या मापाने लावले जाते, त्या मापाला रुग्णाची मुख्य तक्रार दिसतच नाही. पक्षाघातानंतरचा थकवा हा श्रमाच्या प्रमाणात नसतो आणि विश्रांतीने पुरता जात नाही. सौम्य आघाताचे रुग्णही त्यातून सुटत नाहीत, हे आता सर्वमान्य आहे. १९८६ मध्ये सार्टन यांना हे सांगणारे फारसे कोणी नव्हते.

जुन्या परंपरेत मात्र या भेदाला शब्द होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ या संज्ञेची व्याख्या येते : आयासावाचून देहात वाढणारा, धाप न लागणारा आणि इंद्रियांना आपले विषय ग्रहण करू न देणारा श्रम. सुश्रुताला मज्जाविज्ञान अवगत होते, असा दावा यावरून करणे हास्यास्पद होईल. (असे दावे आपल्याकडे फार सहज केले जातात.) परंतु कष्टाने येणारा शीण आणि कष्टाविना येणारी ग्लानी एक नव्हेत, एवढे निरीक्षण त्यात निश्चित आहे. ‘थकवा’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबल्यामुळे आपल्या आरोग्यविषयक लेखनात मोठा घोटाळा होतो.

हा घोटाळा व्यायामाच्या प्रश्नावर सर्वांत स्पष्ट दिसतो. थकव्याची तीव्रता मोजण्यासाठी १९८९ पासून वापरात असलेल्या नऊ विधानांच्या प्रश्नावलीत, व्यायामाने मला थकवा येतो, या अर्थाचे एक विधान आहे. तेथे व्यायाम हे थकव्याचे कारण आहे. पुनर्वसनाच्या सल्ल्यात तोच व्यायाम उपाय म्हणून येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या शिफारशीनुसार पक्षाघातातून उठलेल्यांनी आठवड्यातून ३ ते ५ दिवस, प्रत्येक वेळी २० ते ६० मिनिटे, चालण्यासारखा व्यायाम करावा. शिवाय २ ते ३ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम असावा. यामागील तर्क भक्कम आहे. हालचाल कमी झाली की हृदयाची व स्नायूंची क्षमता घटते. मग तेच जिने चढण्यास उरलेल्या क्षमतेचा मोठा वाटा खर्ची पडतो, त्यामुळे हालचाल आणखी कमी होते. हे चक्र व्यायामच तोडू शकतो, आणि दुसऱ्या आघाताचा धोका वाढविणाऱ्या रक्तदाबासारख्या गोष्टींवरही त्याचा परिणाम होतो. परंतु क्षमता घटल्याने येणारा थकवा हा सगळा थकवा नव्हे. थकव्यावरील उपचारांचा २०१५ मध्ये झालेला कॉक्रेन आढावा कोणत्याही उपायाच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही, अशाच निष्कर्षावर थांबला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत, आघातानंतर २४ तासांच्या आत सुरू केलेल्या अधिक मात्रेच्या हालचालीने तीन महिन्यांनंतरचे निष्पन्न सुधारले नाही, उलट काहीसे खालावले. ही चाचणी पहिल्या दिवसांपुरती आहे. महिन्यांनंतरच्या फिरण्याला ती लावणे चूक ठरेल. तरीही ‘जितका अधिक तितका उत्तम’ हा समज तिने मोडला, हे महत्त्वाचे.

सार्टन यांच्या दैनंदिनीत ‘व्यायाम’ या सदराखाली काही नाही. तेथे टॅमस नावाचा कुत्रा आहे, पिएरो हे मांजर आहे आणि बाग आहे. कुत्र्याला फिरविणे, वाफ्यात वाकून काम करणे हीच त्यांची हालचाल. दैनंदिनी या प्रकाराचे बळ येथे प्रत्ययास येते. आत्मकथनाला चढती रेषा हवी असते. दैनंदिनीला तारीख पुरते. एका दिवशी बागेत काम होते, दुसऱ्या दिवशी अंथरुण सुटत नाही, आणि हे का घडले याचे उत्तर लेखिकेजवळ नसते. सौम्य पक्षाघातातील थकव्याचे स्वरूप नेमके असेच असते : तो उतरणीला लागत नाही, हेलकावे खातो. मॅक्रम यांनीही आपल्या पुस्तकात स्वतःच्या व पत्नीच्या दैनंदिनीतील उतारे गुंफले आहेत, पण तेथे ते कथनाच्या सेवेस लावलेले आहेत. सार्टन यांच्या नोंदींना अशी शिस्त नाही. भेटीगाठी, पत्रे, फुलांची नावे यांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होते, हे मान्य करावेच लागेल. पुस्तकाचा बराच भाग वाङ्मयीन दृष्ट्या सैल आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. सार्टन यांचे हृदय अनियमितपणे धडधडत होते, त्यावरील औषधाने मळमळ होत असे, वय होते, एकटेपण आणि औदासीन्य होते. यांतील किती थकवा मेंदूचा आणि किती हृदयाचा, हे पुस्तकावरून ठरविता येत नाही. वैद्यकीय पुरावा म्हणून ते वापरता येणार नाही. पण रुग्णालाही हा हिशेब मांडता येत नाही. तो सगळ्याचा मिळून एकच थकवा भोगत असतो.

या पुस्तकाविषयी माझा खरा आक्षेप वेगळा आहे. सार्टन यांच्या लेखी बरे होणे म्हणजे काम करू लागणे. जाहीर काव्यवाचनांना पुन्हा आरंभ होतो, तेव्हा नोंदींचा सूर बदलतो, आणि त्या बदलालाच लेखिका बरे होण्याचे प्रमाण मानते. ज्या स्त्रीने रिकाम्या वेळेचे मोल आपल्या वाचकांना शिकविले, तिनेच आपल्या देहाला कामाच्या तराजूत घालावे, हा विरोधाभास त्या स्वतः तपासत नाहीत. आपल्या महाविद्यालयांतही रजेवरून परतणाऱ्या अध्यापकाला योग्यतेचा दाखला मागितला जातो. त्या दाखल्यावर ‘काम करण्यास समर्थ’ एवढेच लिहिलेले असते. सलग तीन तासिकांनंतर फळ्यावरील शब्द आठवत नाही, हे लिहिण्यास तेथे जागा नसते. सहकारी त्याला आळस म्हणतात, किंवा अधिक दयाळू असतील तर नैराश्य. रोज फिरायला जात जा, असा सल्लाही देतात. सल्ला वाईट नाही. तो इच्छाशक्तीच्या भाषेत दिला जातो, ही अडचण आहे. अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात बलवानालासुद्धा अर्ध्या शक्तीपर्यंतच व्यायाम सांगितला आहे. अर्धी शक्ती म्हणजे किती, हे मात्र ज्याचे त्यालाच आणि त्या त्या दिवशीच कळते.

‘आफ्टर द स्ट्रोक’ १९८७ च्या फेब्रुवारीत थांबते, आणि केवळ हेच पुस्तक वाचणाऱ्यास लेखिका बरी झाली असे वाटते. त्यानंतरची ‘एंडगेम’ (१९९२) ही दैनंदिनी सोबत ठेवली, की तो समज टिकत नाही. तीतही दुखणे आहे, अशक्तपणा आहे, आणि न लिहिलेल्या पत्रांचा ढीग आहे.