कॉटेज म्हणायचं आणि पागा बांधायची

जुन्या घराबद्दल लिहायला बसलात की सुरुवात कुठून करता? दर्शनी भागापासून ना? मीही तेच केलं होतं. गाईडनी टिपण परत दिलं तेव्हा समासात एकच प्रश्न होता: "घोडे कुठे होते?"

टिपण होतं इंग्लंडमधल्या डेव्हनच्या एन्ड्सली कॉटेजवर. टेमर नदीकाठचं हे घर सहाव्या ड्यूक ऑफ बेडफर्डने बांधून घेतलं. वास्तुकार जेफ्री वायटव्हिल. (जुन्या कागदांत 'वायट' शोधा, 'वायटव्हिल' हे नाव त्याने 1824 मध्ये घेतलं.) ड्यूकचं मुख्य घर वोबर्न ॲबी, म्हणजे जवळजवळ राजवाडाच. तिथल्या थाटातून सुटून इथे साधं राहायचं, अशी कल्पना.

नदीच्या बाजूने बघा, हा साधेपणा पटतो. व्हरांड्याला झाडांच्या खोडांचे खांब, जमिनीत मेंढ्यांची हाडं बसवलेली. मुलांचा भाग मुख्य घरापासून कोनात वळवलाय, त्यामुळे सगळं घर एका नजरेत येत नाही आणि आहे त्यापेक्षा बरंच लहान वाटतं. ही युक्ती अफलातून आहे, त्यात वाद नाही.

पण आता पागेच्या आवारात या. घोडे, बग्ग्या, मोतद्दार, दाणावैरण. खऱ्याखुऱ्या कॉटेजमध्ये राहणाऱ्या शेतमजुराकडे यातलं काय होतं? पुढून लपवलेला आकार इथे उघडा पडतो. गंमत म्हणजे पायाभरणीचा शिलालेखही इथेच आहे. जागा डचेस जॉर्जियानाने निवडली, पहिला दगड तिच्या चार मोठ्या मुलांनी 7 सप्टेंबर 1810 ला बसवला, असं तो सांगतो. गवंड्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

माझी दुसरी चूक जास्त गंभीर होती. बागांची आखणी करणाऱ्या हम्फ्री रेप्टनचं 1814 चं 'रेड बुक' मी साक्षीदारासारखं वापरलं होतं. अहो, तो आपली योजना गिऱ्हाइकाला पटवत होता! 'आधी' आणि 'नंतर'ची चित्रं दाखवायची हीच त्याची पद्धत. पुरावा म्हणून ते मोलाचं आहेच, पण मालकाला काय बघायला आवडेल याचा पुरावा म्हणून.

तेव्हा नकाशा हातात आला की पागेतून आत शिरा, नोकर ज्या वाटेने जात असतील त्या वाटेने. मी टिपण तसंच पुन्हा लिहितेय. पहिल्या खर्ड्यात 'साधं' हा शब्द नऊ वेळा होता. सध्या दोनदा आहे, आणि त्यातला एक अवतरणचिन्हांत.