सेल बदलताच

मॅक्रो चालला की आपण पुढच्या कामाला लागतो, तो वाचत कोणी बसत नाही. गेटवरच्या वाहन-नोंदीच्या शीटमागची ही सात ओळींची प्रोसीजर मात्र सावकाश वाचावी अशी आहे. काम एवढंच: बी कॉलममध्ये गाडीचा नंबर कसाही टाइप केला तरी एंटर दाबताच तो कॅपिटल अक्षरांत दिसावा.

पहिल्या ओळीतलं वर्कशीट_चेंज हे नाव एक्सेलने ठरवून दिलेलं आहे. शीटच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये ते लिहिलं की सेलमध्ये काही भरताच एक्सेल ही प्रोसीजर चालवतं. एक्सेल 97 पासूनची ही सोय. बटण नको, शॉर्टकट नको. सोबत टार्गेट मिळतं, म्हणजे बदल झाला ती रेंज.

दुसरी ओळ मला सगळ्यात देखणी वाटते. टार्गेट आणि बी2 ते बी500 यांचा इंटरसेक्ट ‘नथिंग’ असेल, तर एक्झिट सब. शीटवर कुठेही बोट लागलं की जाग येणार, पण आपलं काम नसेल तर निमूट परत फिरायचं. किती संयम आहे या एका ओळीत!

खरी खोली चौथ्या ओळीत आहे: एनेबलइव्हेंट्स फॉल्स. पाचवी ओळ अक्षरं कॅपिटल करणारं यूकेस लावून त्याच सेलमध्ये नंबर पुन्हा लिहिते. हे लिहिणं हाही बदलच, म्हणजे प्रोसीजर स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत राहणार. म्हणून लिहिण्याआधी इव्हेंट बंद. पण मधेच एरर आली, तर ते बंदच राहतील आणि उघड्या असलेल्या प्रत्येक वर्कबुकमधले इव्हेंट मॅक्रो मुके होतील. तिसऱ्या ओळीतलं ‘ऑन एरर गोटू शेवट’ त्यासाठीच: काहीही बिघडलं तरी सहाव्या ओळीवर यायचं, इव्हेंट चालू करायचे, मगच सातव्या ओळीवर एंड सब.

उणीव पाचव्या ओळीतच आहे. दहा नंबर एकदम पेस्ट केले की टार्गेटची व्हॅल्यू एक राहत नाही, दहांचा अ‍ॅरे होतो. यूकेसला तो पेलत नाही, टाइप मिसमॅच होतो आणि प्रोसीजर शेवटावर उडी मारते. दहाही नंबर होते तसेच राहतात, संदेशही येत नाही. इंटरसेक्टमधून मिळालेल्या सेलवर फॉर ईच फिरवलं असतं, तर दुसऱ्या ओळीतली नजर पाचवीतही टिकली असती.